ज्यांची भूमी, त्यांचा जाळ

केप यॉर्क हे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाचे द्वीपकल्प. त्याच्या दक्षिण भागात लॉरा नावाचे अगदी लहान गाव आहे. त्या परिसरातील गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर, ज्यांना तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात, गेल्या शतकात जॉर्ज मस्ग्रेव्ह आणि टॉमी जॉर्ज हे कुकू थायपन या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, लोकांतील दोन भाऊ लहानाचे मोठे झाले. ॲबोरिजिनल मुलांना पोलिसांकरवी आईबापांपासून तोडून दूरच्या मिशनमध्ये नेऊन ठेवण्याचा तो काळ होता. पोलीस आले तेव्हा स्टेशनच्या गोऱ्या मालकाने या मुलांना टपालाच्या पोत्यांत लपवले, ही हकीकत त्यांच्या शिष्याने पुढे जगाला सांगितली. मुले वाचली, म्हणजे ती आपल्या माणसांत आणि आपल्या भूमीवर राहिली. कोणते रान केव्हा जाळायचे, कोणते मुळीच जाळायचे नाही, जाळ कोठून लावायचा आणि तो कोठे आपोआप विझेल, हे ती वडीलधाऱ्यांबरोबर हिंडताना शिकली. दोघांनी आयुष्यभर गुरे राखली, आणि उतारवयात जेम्स कुक विद्यापीठाने दोघांनाही मानद डॉक्टरेट दिली.

आज ऑस्ट्रेलियात ‘कल्चरल बर्निंग’ हा शब्द सरकारी अहवालांत, वर्तमानपत्रांत आणि विमा कंपन्यांच्या परिषदांतही ऐकू येतो. मूळ रहिवाशांच्या पद्धतीने थोडे थोडे रान जाळले तर मोठे वणवे कमी होतील, अशी आशा त्यामागे असते, आणि ती खोटी नाही. परंतु हा शब्द असा सुटा वापरलेला ऐकला की मला ते दोघे भाऊ आठवतात. त्यांच्याजवळ होती ती एखादी युक्ती नव्हती, की जी लिहून घेतली आणि अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणात घातली म्हणजे काम झाले. ते ज्ञान त्या भूमीवर राहण्यातून आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार असण्यातून आले होते. ती माणसे तेथून हलवली गेली असती तर ते संपले असते, आणि खंडाच्या बहुतेक भागांत ते असेच संपत गेले. म्हणून या पुनरुज्जीवनाचा विचार करताना अग्नीच्या आधी माणसांचा विचार करावा लागतो, असे मला गेली काही वर्षे तीव्रतेने वाटत आले आहे.

या भावांचा तो शिष्य म्हणजे व्हिक्टर स्टेफन्सन. आईच्या बाजूने त्यांचे मूळ क्वीन्सलंडच्या उत्तरेकडील टागालाका लोकांत आहे. ऐन तारुण्यात ते लॉराला आले आणि या दोन वृद्धांपाशी शिकत राहिले. त्यांनी कॅमेरा हाती घेऊन त्यांच्या तोंडचे ज्ञान त्याच झाडांपाशी, त्याच ओढ्यांपाशी चित्रित करून ठेवले, आणि पुढे तीच पद्धत त्यांनी इतर समाजांपर्यंतही नेली. त्या वृद्धांच्या वाडवडिलांची भूमी तोवर कोठे स्टेशन तर कोठे राष्ट्रीय उद्यान झाली होती. ज्या रानात त्यांचे पूर्वज बिनदिक्कत काडी लावत, तेथे जाळ लावणे आता परवानगीचा, नकाशाचा आणि बैठकांचा विषय झाला होता. जॉर्ज मस्ग्रेव्ह २००६ मध्ये गेले आणि टॉमी जॉर्ज २०१६ मध्ये. टॉमी जॉर्ज हे त्यांची भाषा अस्खलित बोलणारे अखेरचे गृहस्थ मानले जात. त्यांच्या हयातीतच केप यॉर्कवर अग्निकार्यशाळा सुरू झाल्या होत्या, त्यांतून ‘फायरस्टिक्स अलायन्स’ या मूळ रहिवाशांच्या संस्थेचे काम वाढले, आणि २०१८ मध्ये ही राष्ट्रीय कार्यशाळा प्रथमच केप यॉर्कबाहेर, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बंडॅनन येथे भरली.

त्या कार्यशाळांत काय शिकवतात, हे थोडे तपशिलात सांगण्यासारखे आहे. पहिला धडा जाळण्याचा नसतोच, तो पाहण्याचा असतो. माती वाळूची आहे की चिकण, तिच्यावर कोणत्या जातीचे युकॅलिप्टस उभे आहेत, खाली कोणते गवत आहे आणि ते कितपत वाळले आहे, हे आधी पाहायचे. गवताची मूठ हातात धरून चुरगाळायची आणि त्यातली ओल अजमावायची. पावसाळा संपला की सगळे रान एकदम वाळत नाही. एक पट्टा आधी वाळतो आणि शेजारचा पट्टा अजून हिरवा असतो. आधी वाळणाऱ्या पट्ट्यात लावलेला जाळ हिरव्या पट्ट्याच्या कडेला पोचून स्वतःच विझतो. काही आठवड्यांनी पुढचा पट्टा तयार होतो, तेव्हा मागचा जळलेला पट्टा त्याची हद्द राखतो. अशा रीतीने भूमीच आपली कुंपणे घालत जाते, आणि माणसाला फक्त योग्य दिवस ओळखायचा असतो. पाणथळीचे दाट सदाहरित रान मात्र जाळायचे नसते. आजूबाजूचे गवत वेळीच जाळून उलट त्याचे रक्षण करायचे असते.

जाळ एका ठिकाणी लावतात आणि तो बाहेरच्या दिशेने हळूहळू पसरू देतात, म्हणजे किडे, सरडे, छोटे प्राणी यांना पळायला वाट आणि वेळ मिळतो. ज्वाळा गुडघ्याएवढी असते. खोडांची साल काळवंडते, पण शेंड्यांना धग लागता कामा नये, यावर सर्वांत जास्त भर असतो. त्याला कारण आहे. फुले, फळे, मध आणि पक्ष्यांची घरटी शेंड्यांत असतात, आणि ते होरपळले की जळालेली पाने गळून जमिनीवर पूर्वीपेक्षा जाड थर साचतो. शिवाय तीव्र उष्णतेने वॉटलसारख्या झुडपांची कठीण कवचाची बीजे एकदम रुजतात आणि दोन-चार वर्षांत त्या जागी माणूस शिरू शकणार नाही असे दाट झुडूप माजते. म्हणजे चुकीच्या दिवशी लावलेला कडक जाळ वणव्याचे जळण कमी करण्याऐवजी वाढवतो. सरकारी यंत्रणा ठरलेले हेक्टर पुरे करण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पेटते गोळे टाकून जी जाळपट्टी काढते, तिच्यावर या मंडळींचा मुख्य आक्षेप हाच असतो.

मी मेलबर्नमध्ये राहते. काही वर्षांपूर्वी, शरद ऋतूत, म्हणजे इकडच्या एप्रिल-मेमध्ये, मध्य व्हिक्टोरिया राज्यात मूळ रहिवाशांनी घडवून आणलेला असा एक जाळ पाहण्याची संधी मला मिळाली. आम्हा पाहुण्यांना आधी धुरातून नेण्यात आले. ओल्या पानांचा तो धूर स्वागताचाही होता आणि शुद्धीचाही. मग बराच वेळ काहीच घडले नाही. तरुण मुलेमुली झाडांच्या बुंध्यांभोवतीचा पाचोळा हातांनी बाजूला करत होती, एक पोकळ खोड खास जपत होती, आणि एक वृद्ध बाई वाऱ्याकडे पाहत बसून होत्या. जाळ लागला तेव्हा धूर पांढरा होता. त्या जाळाच्या कडेने चालता येत होते, आणि त्याचा आवाज कोरड्या पाल्यावरून कोणी सावकाश पावले टाकावीत तसा होता. दुपार कलली, गारवा आला, आणि दव धरू लागताच जाळ ठिकठिकाणी विझला. काही भाग काळा झाला, काही ठोंब तसेच हिरवे राहिले. एका मुलाने मला सांगितले की मध्ये राहिलेले हे न जळलेले तुकडे चूक म्हणून राहिलेले नसतात, ते असावेच लागतात.

तो परिसर जा जा वुरंग लोकांचा. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि बेंडिगोच्या आसपासची ही भूमी हजारो खोदणाऱ्यांनी अक्षरशः पालथी घातली. माती धुऊन गेली, ओढ्यांचे मार्ग बदलले, खाणींसाठी जुनी झाडे तोडली गेली, आणि आज दिसते ते बरेचसे रान म्हणजे तोडलेल्या बुंध्यांतून फुटलेल्या बारीक, दाटीवाटीच्या फुटव्यांचे रान आहे. जा जा वुरंग लोक आपल्या भूमीला ‘उलटीपालटी झालेली भूमी’ म्हणतात. २०१३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी करार करून त्यांना या प्रदेशाचे पारंपरिक मालक म्हणून मान्यता दिली आणि २०१७ पासून ते ‘जांडाक वी’ या नावाने, म्हणजे आपल्या भूमीच्या अग्नीच्या नावाने, पुन्हा जाळ लावू लागले. येथे अखंड परंपरेचे टपालाच्या पोत्यात वाचलेले वारस नव्हते. होते ते घराघरांतून राहिलेले तुकडे, उत्तरेकडील जाणत्यांचे मार्गदर्शन, आणि स्वतः करून पाहण्याची चिकाटी. एवढ्या जखमी रानात पूर्वीचा क्रम जसाच्या तसा चालत नाही. पहिल्या जाळानंतर काय उगवते ते पाहायचे आणि मग दुसऱ्याचा विचार करायचा. हे काम पिढ्यांचे आहे, हे तेथे कोणी लपवत नव्हते.

गोऱ्या वसाहतीच्या आधी या खंडावर अग्नीचा वापर किती नियमाने होत होता, हे त्या काळच्या गोऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. १७७० मध्ये जेम्स कुक पूर्व किनाऱ्याने वर गेला तेव्हा त्याला किनाऱ्यावर ठिकठिकाणी धूर दिसत होता. भूमापक थॉमस मिचेल याने १८४८ मध्ये लिहिले की अग्नी, गवत, कांगारू आणि तेथील माणसे ही चारही एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि यांतले एक नाहीसे झाले तर बाकीची टिकणार नाहीत. निसर्गाचा अभ्यासक आल्फ्रेड हॉविट याने १८९० मध्ये व्हिक्टोरियातील गिप्सलंडच्या युकॅलिप्टसविषयी लिहिताना नोंदवले की मूळ रहिवाशांचे जाळणे थांबल्यापासून पूर्वी मोकळी असलेली राने दाट होत गेली आहेत. मेलबर्नची वसाहत १८३५ ची. आणि १८५१ च्या फेब्रुवारीतील ‘काळ्या गुरुवारी’ व्हिक्टोरियाचा जवळजवळ चौथा हिस्सा, सुमारे ५० लाख हेक्टर, वणव्याखाली गेला. या दोन घटनांमधले अंतर सोळा वर्षांचे आहे. एवढ्यावरून एक दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही, कारण ते वर्ष भयंकर अवर्षणाचेही होते. पण या सोळा वर्षांत रोगराई, हत्या आणि हुसकावणी यांनी तेथील मूळ रहिवाशांची संख्या कशी कोसळली ते ज्याला माहीत आहे, त्याला ते अंतर विसरता येत नाही.

त्यानंतर अशा वणव्यांची यादी थांबलेली नाही. १९३९ च्या ‘काळ्या शुक्रवारी’ ७१ माणसे गेली, २००९ च्या ‘काळ्या शनिवारी’ १७३. अलीकडे वैज्ञानिकांनी तळी आणि दलदली यांच्या गाळात साठलेले परागकण व कोळसा तपासून आग्नेय ऑस्ट्रेलियातील रानांचा हजारो वर्षांचा इतिहास उलगडला आहे. मिकेला मारियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा की माणसांची वस्ती वाढत गेली तसे रानातील झुडपांचे प्रमाण घटत गेले होते, आणि वसाहत स्थापन झाल्यावर ते झपाट्याने वाढले. झुडूप हे जमिनीवरचा जाळ शेंड्यांपर्यंत चढवणारे जळण असते, म्हणून या निष्कर्षाला महत्त्व आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांना दीड-दोनशे वर्षे ‘हे भटके लोक, यांचा भूमीशी काय संबंध’ असे म्हटले गेले आणि ज्यांची भूमी ‘कोणाचीच नाही’ असे धरून घेतली गेली, ते कायद्याचे गृहीतक मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काच्या मेबो खटल्यात १९९२ मध्ये खोटे ठरेपर्यंत, त्यांच्या मालकीची नोंद त्या गाळात सगळा वेळ पडून होती.

माझा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे कोठे दिसत असेल तर तो उत्तरेला, आर्नहेम लँडच्या पश्चिम भागातील खडकाळ पठारावर. बिनिंज लोकांची ही भूमी कायद्याने कधी विकली गेली नाही, तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती रिकामी झाली. कोणी मिशनकडे, कोणी रेड्यांच्या शिकारतळांकडे, कोणी खाणींकडे आणि वसाहतींकडे ओढले गेले. पठारावर माणूस उरला नाही. मग प्रत्येक कोरड्या ऋतूच्या अखेरीस, ऑगस्टपासून पुढे, रान कडकडीत वाळलेले असताना प्रचंड वणवे पेटू लागले आणि आठवडेच्या आठवडे जळत राहिले. ॲनबिनिक नावाच्या प्राचीन वृक्षांची, या पठाराखेरीज जगात कोठेही नसलेली, राने त्यांत कडेकडेने झिजू लागली. थोर चित्रकार आणि जाणते ज्येष्ठ बार्दायल ‘लॉफ्टी’ नाजामेरेक यांनी हे ओळखले होते. रिकामी भूमी आजारी पडते, असे ते मानत. म्हणून म्हातारपणी ते आपल्या माणसांना घेऊन पठारावर परतले आणि २००२ च्या सुमारास कबुलवर्नाम्यो येथे वस्ती उभी राहिली.

त्याआधीची काही वर्षे बिनिंज ज्येष्ठ आणि वैज्ञानिक एकत्र बसून एक प्रश्न सोडवत होते. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, ज्याला बिनिंज लोक ‘येक्के’ म्हणतात त्या थंड दिवसांत, पूर्वीसारखा ठिपक्याठिपक्यांनी जाळ लावला तर अखेरचे वणवे किती घटतील, आणि त्यामुळे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू किती कमी सुटतील? उत्तर मोजता आले. २००६ मध्ये डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाने, आपल्या प्रदूषणाची काही भरपाई म्हणून, १७ वर्षे दरवर्षी सुमारे १० लाख डॉलर देण्याचा करार केला, आणि त्याबदल्यात सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर हे काम करून वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळायचे ठरले. पहिल्या सात वर्षांत उत्सर्जन पूर्वीच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहून अधिक घटले. वायू कंपनीच्या पैशाने भूमी राखावी लागली, ही गोष्ट मला बोचते. परंतु त्या पैशाने माणसे भूमीवर टिकली, हेही खरे आहे, आणि तेथील लोकांनी हिशेब डोळसपणे केला आहे.

२००७ मध्ये वॉर्डेकेन लँड मॅनेजमेंट ही त्यांची स्वतःची संस्था स्थापन झाली, २००९ मध्ये सुमारे १४ लाख हेक्टर क्षेत्र मूळ रहिवाशांचे संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, आणि त्याच वर्षी नाजामेरेक निवर्तले. डीन यिबारबुक यांच्यासारखे, वडीलधाऱ्यांच्या तालमीत वाढलेले आणि वैज्ञानिकांबरोबर शोधनिबंध लिहिणारे ज्येष्ठ आज या कामाचे नेतृत्व करतात. संस्थेचे रेंजर, म्हणजे भूमी राखणारे तेथलेच लोक, हेलिकॉप्टरही वापरतात आणि उपग्रहाचे नकाशेही. त्यात कोणाला विसंगती वाटू नये, कारण जाळ कोठे आणि कधी लावायचा हे ठरवणारी माणसे त्या त्या कुळाची, त्या भूमीवर हक्क असलेली असतात. दरवर्षी काही दिवस लहानथोर मिळून जुन्या वाटांनी पायी पठार ओलांडतात आणि जाता जाता जाळ लावतात. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१५ मध्ये कबुलवर्नाम्योत सुरू झालेली शाळा. पूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी आईबापांना पठार सोडून गावाकडे जावे लागे आणि रेंजरांची फळी विस्कळीत होई. आता मुले दोन भाषांत शिकतात आणि ज्येष्ठांबरोबर रानात जातात. वणवे आटोक्यात ठेवण्याच्या खर्चात शाळेचा खर्च धरायला हवा, हे ज्या अधिकाऱ्याला कळेल त्यालाच हा विषय कळला असे मी म्हणेन.

पश्चिमेच्या वाळवंटातील मार्टू लोकांची गोष्ट याच दिशेने जाते. १९५० आणि १९६० च्या दशकांत, रॉकेटच्या चाचण्यांचा मार्ग त्यांच्या भूमीवरून आखला गेला त्या काळात, बहुतेक मार्टू वाळवंटाबाहेर आले किंवा आणले गेले. १९८० च्या दशकात ते पर्नगुर, पुन्मू यांसारख्या वस्त्यांत परतले आणि २००२ मध्ये त्यांचा भूमिहक्क मान्य झाला. त्यांच्या बायका हिवाळ्यात स्पिनिफेक्स गवताचे छोटे पट्टे जाळून घोरपडींची बिळे शोधतात. रात्रीच्या जेवणासाठी लावलेला हा जाळ. रिबेका ब्लीज बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की जेथे मार्टू असे जाळत हिंडतात, तेथे जळलेले तुकडे लहान राहतात आणि भरपूर पावसानंतर गवत माजले तरी वणवे अवाढव्य होत नाहीत. जेथे केवळ विजेने आगी लागतात, तेथे एकेक वणवा मैलोगणती पसरतो. संवर्धन करावे म्हणून कोणी तेथे काडी लावत नाही. घरात शिजवायला हवे, मुलांना वाटा दाखवायच्या, आणि भूमीची विचारपूस करायची, यांतून ते आपोआप होते.

मग आला २०१९-२० चा उन्हाळा. ३३ माणसे वणव्यांत गेली, तीन हजारांहून अधिक घरे जळाली, २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक भूमी जळाली, आणि जानेवारीत मेलबर्नमध्ये आम्ही दारेखिडक्या बंद करून त्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसलो होतो. त्या धुरातच मूळ रहिवाशांच्या अग्निज्ञानाकडे सगळ्यांचे कान वळले. राष्ट्रीय राजचौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या अहवालात या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि सरकारांनी पारंपरिक मालकांशी अधिक संवाद वाढवावा, असे सुचवले. हे स्वागतार्हच होते. तरीही त्या महिन्यांतील उत्साहात एक घाई होती, जिच्यामुळे मी अस्वस्थ झाले. ज्यांची मुले हिरावून घेतली, भाषा मोडल्या, भूमी विकून टाकली, त्यांनी आता चटकन येऊन आमची घरे वाचवावीत, असा एक सूर तिच्यात होता.

वैज्ञानिकांच्या शंकाही प्रामाणिकपणे ऐकायला हव्यात. अतिशय कडक उष्मा, महिनोन्‌महिने अवर्षण आणि वादळी वारा एकत्र आले की नुकतेच जाळलेले रानही वणवा थांबवत नाही. २०१९-२० मध्ये असे दिवस बरेच होते. आग्नेयेकडील उंच, ओल्या अरण्यांत पूर्वी किती जाळले जात होते, यावर एकमत नाही. हवामान तापत चालल्याने जाळ लावण्याजोगे थंड, ओलसर दिवस अनेक ठिकाणी बदलत आणि आखडत चालले आहेत. या शंकांमुळे या कामाचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. उलट, दिवस आखडत असताना योग्य दिवस ओळखणारी माणसे रोज त्या रानात असणे अधिक निकडीचे होते. शहरातल्या कचेरीत बसून तो दिवस तीन महिने आधी अर्जात लिहिता येत नाही, आणि आजची परवाना-पद्धत नेमके तेच मागते. प्रमाणपत्रे, विम्याचे हप्ते, अपघाताची कायदेशीर जबाबदारी, भूमीची मालकी दुसऱ्याच्या नावावर असणे, यांत अनेक गट वर्षानुवर्षे अडकून पडतात. परवाना हाती येतो तोवर गवत वाळून कडक झालेले असते.

या अडवणुकीचा इतिहास मराठी माणसाला अगदीच परका नाही. कोकणात आणि ठाण्याच्या डोंगरपट्टीत भाताचा तरवा टाकण्याआधी शेणकूट, कवळे, पातेरा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून राब भाजत. आमच्या आजोळीही भाजावळीच्या दिवसांत वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणी काडी ओढत नसे. इंग्रजांच्या जंगल खात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे, हॉविटच्या नोंदीच्या तीन वर्षे आधीचा. राब आणि ॲबोरिजिनल अग्नी यांना एका मापाने मोजणे बरोबर होणार नाही. एक शेतीच्या खाचराचे काम आहे, दुसरे पूर्ण भूप्रदेशाचे. शिवाय कोकणातल्या शेतकऱ्याला त्याच्या गावातून कोणी उचलून नेले नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. परंतु रानाजवळ राहणाऱ्याच्या हातातील अग्नी हा अज्ञानाचा आणि नासधुशीचा, अशी जी समजूत त्या साम्राज्याने आपल्या वनअधिकाऱ्यांना दिली, ती दोन्हीकडे एकच होती, आणि दोन्हीकडे ती साम्राज्याच्या नंतरही टिकून राहिली.

व्हिक्टोरियात २०१९ मध्ये पारंपरिक मालकांनी स्वतः तयार केलेले सांस्कृतिक अग्नीचे धोरण प्रसिद्ध झाले. त्यात मांडलेली तत्त्वे साधी आहेत. जाळाचे नेतृत्व त्या त्या भूमीच्या पारंपरिक मालकांनी करायचे. ज्ञान त्यांच्या मालकीचे राहील. आणि भूमीबरोबर माणसांची प्रकृतीही सुधारली पाहिजे. हे शेवटचे कलम मला फार विचारपूर्वक घातलेले वाटते. ज्यांनी असे जाळ लावले त्यांच्याशी बोलताना वणवा हा शब्द क्वचितच येतो. आजोबांना तुरुंगाच्या भीतीने जे करता आले नाही ते नातवंडे उजेडात करत आहेत, याविषयी ते बोलतात. बायका आपल्या जागांवर आपला जाळ स्वतः लावू लागल्या आहेत, याविषयीही.

आमच्या भागातील पालिकेने ओढ्याकाठच्या एका गवताळ पट्ट्याविषयी रहिवाशांच्या सूचना मागवल्या, तेव्हा तेथे असा जाळ लावण्याविषयी मी माझी सूचना लिहून दिली. धुराची तक्रार करणारे शेजारी आहेत, आणि दम्याच्या रुग्णांची काळजी रास्तही आहे; म्हणून जाळाच्या आदल्या दिवशी घरोघर कळवावे, असे मी लिहिले. तारीख पालिकेने ठरवू नये, त्या भूमीच्या पारंपरिक मालकांनी ठरवावी आणि सकाळी ओल जास्त वाटली तर त्यांना ती विनासायास पुढे ढकलता यावी, असे लिहिले. जाळ लावणाऱ्यांना एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाचे मानधन देऊन पाठवू नये. जाळापूर्वी आणि जाळानंतरही तो पट्टा त्यांनीच पाहावा, तण त्यांनीच काढावे, बियाणे त्यांनीच गोळा करावे, आणि यासाठी किमान दहा वर्षांच्या पगारी जागा अंदाजपत्रकात धराव्यात, त्यांत शिकणाऱ्या तरुणांच्याही.